हिरवी पाटी

बाईला धड बसवत नव्हतं. खुर्चीच्या कडेला टेकली, उठली, परत टेकली.

"पोलीस म्हणतात, आज सकाळी नऊला घरी होते ना, मग किती लांब जाणार? येतील! पण वहिनी, ते नव्हतेच हो घरी. मला पटवून देता येत नाहीये, पण नव्हतेच!"

शनिवार, दुपारचे दोन. झेरॉक्सच्या दुकानावरची ती एवढीशी खोली. टेबलामागे वहिनी. तशी ती एकट्या भाऊजींची वहिनी, पण ते दिवसभर हाका मारणार, म्हणून अख्खी गल्लीच तिला वहिनी म्हणायला लागलेली. हरवलेलं शोधून देणं हा तिचा धंदा. भाऊजी म्हणजे तिचा दीर. स्कूटर चालवणं, जड उचलणं आणि चुकीचे अंदाज बांधणं ही खाती त्यांच्याकडे.

"कोण हरवलंय?" वहिनीने विचारलं.

"बाबा. सरकारी वसाहतीत राहतात, चौथी इमारत, पाचवा मजला, एकटेच. आयुष्यभर बेकरीत काम केलं, सगळे त्यांना पाववाले आजोबा म्हणतात. मी लॉन्ड्रीत कामाला. शनिवारी अर्धा दिवस असतो म्हणून बारा वाजता गेले, माझ्या चावीने दार उघडलं, तर घर रिकामं. आणि फ्रीजमध्ये इन्सुलिन तसंच! ते रोज टोचून घ्यावं लागतं त्यांना."

"आणि पोलीस नऊचं कशावरून म्हणतात?"

"पाटीवरून."

"कसली पाटी?"

मग तिने सांगितलं. तिथे म्हाताऱ्यांच्या दारावर पाटी टांगलेली असते, एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल. सकाळी उठलं की हिरवी करायची, म्हणजे मी ठीक आहे. नऊला मदत केंद्राची ताई फेरी मारते. हिरवी दिसली की पुढे, लाल दिसली तरच दार वाजवते.

"आज हिरवी होती," मुलगी म्हणाली. "कालही."

"सोपं आहे," भाऊजी म्हणाले. "सकाळी पाटी फिरवली, फिरायला गेले, रस्ता चुकले. बस स्टँड बघू."

वहिनी चप्पल घालत होती. "आधी घर बघू."

घर कसलं, एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. पण लख्ख. दार उघडताच आंबूस वास अंगावर आला. भाऊजींनी नाक दाबलं. "आजोबा पितात का हो?"

"बाबा? चहासुद्धा मोजून दोन वेळा!"

वास ओट्यावरून येत होता. मोठ्या परातीत पावाचं पीठ. फुगून काठावरून खाली ओघळलेलं, मग मधोमध बसलेलं, वर खरपुडी धरलेली. वहिनीने बोट लावलं. कडक.

"पीठ फुगायला किती वेळ ठेवतात?"

"तासभर. बेकरी सुटली तरी सवय सुटली नाही."

वहिनी खोलीभर फिरली. मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेच्या बरणीला दोन. भिंतीवर हात पोचेल एवढ्या उंचीवर घड्याळ, त्याला काचच नाही. मग तिने मोरीत डोकावलं, ओट्याखाली डोकावलं.

"कचऱ्याची बादली कुठे असते?"

"ओट्याखालीच. निळी." मुलगी वाकली. "अगंबाई, नाहीये!"

दारात जाऊन वहिनीने पाटी हातात घेतली. हिरव्या बाजूच्या कडेवर निळसर डाग होता, बोटाएवढा. तिने फुंकर मारली. भुकटी उडाली.

"भाऊजी, खाली जाऊन वॉचमनला विचारा, आजोबा शेवटचे कधी दिसले. आणि हे रंगाचं काय चाललंय तेही विचारा."

जिन्यात सगळीकडे ताज्या रंगाचा वास होताच.

समोरच्या घरात शिलाई मशीन खडखडत होती. आत शिवणवाली बाई, पलीकडे खाटेवर तिची सासू. बाईने मशीन थांबवली नाही.

"आजोबा ना? बघितले की... म्हणजे पाटी बघितली. हिरवी होती."

"आजोबांना कधी बघितलंत?"

"अहो, मला पन्नास गणवेश सोमवारी द्यायचेत. कोण आलं कोण गेलं बघत बसू का?" तिने निळ्या खडूने कापडावर सर्रकन रेघ ओढली. "त्यात ते रंगारी! काल दिवसभर खाली ठोकाठोक. आज सकाळी पण. सासूबाईंचा डोळा लागू देत नाहीत मेले."

खाटेवरून म्हातारी म्हणाली, "सूनबाई, सांग ना गं तिला."

"आई, गप पडा!"

सासूने भिंतीकडे तोंड फिरवलं. मशीन मात्र आता उगाचच, कापडाशिवाय चालत होती.

तेवढ्यात मदत केंद्राची ताई आली. तरुण पोरगी, छातीशी रजिस्टर, डोळे रडून सुजलेले. आजोबांची मुलगी तिच्यावर धावलीच.

"हिनेच! हिलाच बाबांना सेवागृहात टाकायचं होतं!"

"नाही हो," ताई कळवळली. "नियमच आहे. महिन्यात तीन वेळा पाटी लाल राहिली की तपासणी. स्वतःचं स्वतः करू शकत नाही असं ठरलं, तर सेवागृह, आणि घर यादीतल्या पुढच्या माणसाला. मी नाही केला तो नियम!"

"आजोबांची कधी लाल राहिली?" वहिनीने विचारलं.

"एकदाही नाही. ह्या मजल्यावर कुणाचीच नाही, वर्षभर."

"वर्षाआधी?"

"खालची आजी होती, चौथ्यावर, बरोबर ह्याच्या खालच्या घरात. तीनदा लाल झाली. सेवागृहात नेली... महिनाभरात गेली. तेव्हापासून ते घर बंदच होतं. आता रंगवून नव्या माणसाला देणार."

"आणि सकाळची हिरवी पाटी परत लाल कोण करतं?"

"मीच. संध्याकाळी सहाला घरी जाताना. गुरुवारी केली, काल केली. आजोबांची पण."

"दार वाजवलंत?"

ताईने मान खाली घातली. "चार इमारती आहेत मला. एकटीला."

जिन्यातून धापा ऐकू आल्या. भाऊजी वर आले ते भिंत धरून, घामाने चिंब, आणि आल्या आल्या वहिनीवरच घसरले.

"काय चेष्टा आहे का? दाराला कुलूप घालून कुठे गेला होतात? पाच मिनिटं ढकलत होतो!"

"आम्ही इथेच आहोत. दार सताड उघडं आहे."

भाऊजींनी दाराकडे बघितलं, मग जिन्याकडे. "अरेच्चा. मग मी चौथ्यावर होतो की काय! सगळे मजले जुळ्या भावंडांसारखे. भिंतीवर आकडासुद्धा नाही, नुसती स्क्रूची भोकं."

"आकड्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या आहेत ना," ताई म्हणाली, "हाताला लागतील अशा. रंगाऱ्यांनी बुधवारी काढल्या."

"वॉचमन काय म्हणाला?" वहिनीचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"गुरुवारी संध्याकाळी पाचला आजोबा बादली घेऊन खाली आले होते. कचरा टाकला. ह्याने थट्टा केली, आजोबा, लिफ्ट दुपारी चारलाच बंद पडली, आता खांद्यावर नेऊ का? ते हसले आणि जिना चढायला लागले. त्यानंतर दिसले नाहीत."

"आणि रंगारी?"

"गुरुवारीच साडेपाचला कुलूप घालून गेले, रंग संपला म्हणून. चावी ऑफिसात, ऑफिस बंद. येणार ते सोमवारी."

वहिनी गर्रकन शिवणवालीकडे वळली. "ठोकाठोक कधी थांबली?"

"सकाळी... नऊ-साडेनऊला. का?"

"भाऊजी, हातोडा! पहार! काहीही आणा! ताई, अँब्युलन्स बोलवा!"

आणि वहिनी जिन्याकडे धावली. साडी एका हातात, एकेक सोडून पायऱ्या. मागे मुलगी, मागे ताई, सगळ्यात मागे शिवणवाली, गळ्यात टेप तसाच. चौथा मजला. तेच दार, तीच जागा. मुलगी दारावर दोन्ही हात आपटत होती, "बाबा! बाबा, मी आलेय!" आतून काहीच नाही. भाऊजींनी वॉचमनकडची पहार कडीत घातली आणि सगळं वजन टाकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कडी फळीसकट उखडली.

आजोबा मोरीच्या दारात पडले होते. पाय रंगाऱ्यांच्या शिडीच्या घोडीखाली अडकलेला, ओठ फुटलेले, हातात निळ्या बादलीची कडी. बादलीचं बूड ठोकून ठोकून फाटलेलं.

वहिनीने नाकाशी बोट धरलं. 

"आहे," ती म्हणाली. "थोडासा आहे."

अँब्युलन्स गेली. मुलगी बापाबरोबर गेली. बाकीचे पाचव्या मजल्यावर फोनची वाट बघत राहिले. डॉक्टर जाताना एवढंच बोलले होते, साखर फार चढलीय, अंगात पाणी नाही, आत्ता काही सांगत नाही.

शेवटी ताईनेच विचारलं. "तुम्हाला कळलं कसं?"

"पिठावरून," वहिनी पायरीवर बसली. "तासाभरात भाजायचं पीठ ओघळून, बसून, सुकून कडक झालेलं. आज सकाळचं कसं असेल? दोन दिवसांचं तरी. म्हणजे आजोबा गुरुवारीच गेले, तेही थोड्या वेळासाठी. बादली नाही, म्हणजे कचरा टाकायला. वॉचमनने सांगितलं, टाकून परत वर निघाले. घरी तर पोचले नाहीत. मग राहिला तो जिना."

"पण स्वतःच्या घरचा जिना कोण चुकतं?" भाऊजी म्हणाले.

"तुम्ही चुकलात की! धडधाकट डोळ्यांनी."

भाऊजींनी मान खाजवली.

"आजोबांना दिसत नव्हतं, आणि घर जाईल म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. बरणीवर रबर, काच काढलेलं घड्याळ, सगळा हाताचा कारभार. लिफ्ट बंद, म्हणून जिना. थकून मधे मधे बसले असतील, मजल्यांचा हिशोब चुकला. एरवी पत्र्याच्या आकड्यावर हात फिरवला असता, पण हाताला लागली भोकं. चौथ्यावर दार उघडं होतं, रंगारी बाहेर कुठेतरी ब्रश धुवत असतील. आजोबांना वाटलं असेल, आपलंच दार लावायचं राहिलं; ते आत गेले, घोडीला अडखळून पडले, शुद्ध हरपली. रंगाऱ्यांनी आत न बघता कुलूप घातलं. रंगारी सोमवारपर्यंत येणार नव्हते, मग काल खाली ठोकत कोण होतं?"

शिवणवालीच्या तोंडून आवाज फुटला. नुसता आवाज, शब्द नाही.

"आणि हे कालच कळलं असतं," वहिनी हळू म्हणाली. "पाटी लाल असती तर. कडेवर खडूची भुकटी होती. निळी. कापड बेतायचा खडू."

"मी फिरवली," शिवणवाली म्हणाली. "काल पण, आज पण. वाटलं, झोप लागली असेल. वर्षभर फिरवतेय हो, ते विसरले की. खालच्या आजीला नेलं ना, तेव्हा मजल्यावर सगळ्यांनी ठरवलं, कुणाचीच पाटी लाल राहू द्यायची नाही. आणि मी वर बसून त्यांना शिव्या घालत होते! ते खाली मला हाका मारत होते, आणि मी म्हणत होते, मेल्यांनो, आवाज बंद करा!"

ती मटकन खाली बसली.  ताईने रजिस्टर उघडलं, पेन काढलं. 

"मला लिहावं लागेल. काकू, मला खरं लिहावंच लागेल."

"लिही," आतून खाटेवरची सासू म्हणाली. "माझंही लिही, घर माझ्याच नावावर आहे. सहा महिने झाले, माझे पाय गेलेत. तू तपासायला येतेस तेव्हा ही मला खुर्चीत बसवते."

कोपऱ्यातलं दार करकरलं. एक म्हातारा काठी टेकत बाहेर आला. "मला गॅस बंद केला की नाही आठवत नाही. शेजारची मुलगी बघते." त्याच्यामागून आणखी एक दार. मग आणखी एक. कुणाचा हात थरथरतो, कुणाला ऐकू येत नाही, कुणी रात्री पडतं आणि सकाळपर्यंत तसंच पडून राहतं. ताई लिहीत होती. मग थांबली.

"किती जण आहात तुम्ही?"

"आख्खी इमारत गं, पोरी," काठीवाला म्हणाला. "एवढ्या खाटा आहेत का तुझ्या सेवागृहात?"

ताईला ना हसता येईना ना रडता.

दिवे लागले आणि भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी घाबरून तो सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मुलगी होती.

"शुद्धीवर आले! भाऊजी, डोळे उघडले त्यांनी! पाय मोडलाय, पण डॉक्टर म्हणतात, वाचतील. हे बघा, काहीतरी बोलतायत, थांबा, त्यांच्याजवळ धरते..."

खरखर झाली. मग कोरडा, फाटका आवाज आला.

"ऑफिसात सांगू नका हं. त्या ताईला कळू देऊ नका. मी जातो घरी, आत्ता जातो."

सगळ्या मजल्याने ताईकडे बघितलं. तिने भाऊजींच्या हातातून फोन घेतला, दोन्ही हातांनी धरला.

"आजोबा," ती म्हणाली, "मी ताईच बोलतेय. माझं चुकलं. मी दार वाजवायला हवं होतं."