सुरंगीचं नाव कुणी नेलं?

फोन कृष्णनाथच्या नंबरवरून आला, पण बोलत होती त्याची बहीण जानकी.

"विनू, आमचें नांव गेलें. काल रातीं कळलें. इंटरनेटार 'सुरंगी काजू' उघडलें की सगुणशेटीचें दुकान येता. आमच्या काजूच्या गटातल्यो बायो दारात येवन बसल्यात. म्हणतात, तुज्या भावान विकलें."

"कृष्णनाथ काय म्हणतो?"

"तो खंय हांगा? गेल्या आठवड्यांतल्या सोमवारपासून लईराई देवीच्या व्रताक बसला. शिरगावाक देवळाकडे रावता. फाल्यां पहाटे होमाच्या इंगळांतसून चलतलो आनी घरा येतलो. दारात पाय घालताच ह्यो बायो ताका चोर म्हणतल्यो. तू ये."

विनोदिनीने चहा तसाच ओट्यावर ठेवला. नाहीतरी साखळीला माहेरी आल्यापासून तिचं बूड कुठे टेकतच नव्हतं. पणजीच्या एका ऑफिसात इंटरनेटवरच्या नावांच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यांच्या, तक्रारी घेता घेता ती या धंद्यात शिरली आणि पुढे त्या नावांचे नियम ठरवणाऱ्या परदेशी बैठकांपर्यंत पोचली. नाव कुणाचं, ते दुसऱ्याकडे कसं जावं, यावर एकेका शब्दासाठी ती वर्षानुवर्षं भांडली होती. महिन्यापूर्वी नोकरी सोडली. दुसरी चालून आली होती. हो म्हणायला मन घेत नव्हतं. शेजारपाजारी विचारत, मुलगी नक्की करते काय? आई सांगायची, "नांवांचें कितें तरी करता."

तिने स्कूटर काढली.

पेडण्याच्या अलीकडे जानकीच्या अंगणात काजू वाळत होते आणि बायका तोंडं फिरवून बसल्या होत्या. हंगाम ऐन भरातला, आणि मागण्या सगळ्या त्या नावावरच येत. नाव नोंदवलेलं होतं कृष्णनाथच्या नावे, कारण तो मास्तर, त्याला इंग्रजी येतं.

"विकणारं मेलं घरातलंच कोण तरी," एक बाई हवेत बोलली.

विनोदिनीने जानकीकडून कृष्णनाथचा फोन घेतला आणि ईमेल चाळले. नाव दुसऱ्याच्या खात्यात हलवण्याची परवानगी विचारणारा मेल गेल्या बुधवारी आला होता. कुणी उघडलासुद्धा नव्हता.

"म्हणजे नकोही म्हटलं नाही," ती पुटपुटली, आणि उभ्याउभ्याच पाणी पिऊन निघाली.

काजूचे व्यापारी सगुणशेट पेडण्याच्या बाजारात वजनकाट्यामागे बसले होते.

"नाव कुणाकडून घेतलंत?"

"गौरेशाकडसून. ताणें म्हटलें, मास्तरांचो होकार आसा."

"तुम्ही मास्तरांना विचारलंत?"

"दोनदां फोन केलो. तांचे भयणीन घेतलो. मास्तर व्रताक बसल्यात म्हणाली, मागीर विशय काडलो ना." शेट कसनुसे हसले. "चूक जाली काय गो बाय?"

"तुमच्याकडे नावाच्या खात्याची किल्ली होती? पासवर्ड?"

"म्हाका मोबायलाचोच येयना."

माणूस लोभी होता, पण हे खोटं वाटत नव्हतं. तिने त्यांना संध्याकाळी जानकीकडे यायला सांगितलं.

गौरेशाचं संगणकाचं दुकान चार पावलांवर होतं. गटाची वेबसाइट त्यानेच बनवली होती. खुर्ची पुढे सारत तो म्हणाला, "ताई, मालकाला विचारल्याशिवाय नाव हलत नाही. तुमचेच नियम."

"विचारलं होतं?"

"मी स्वतः. मेल गेला त्याच दिवशी, बुधवारी, सरांना फोन केला. हो म्हणाले. जत्रेच्या गडबडीत होते, दोनच शब्द बोलले."

"त्याच नंबरवर?"

"सरांचा एकच तर नंबर."

विनोदिनी खुर्चीत बसलीच नव्हती. तिने मान हलवली. "हेच संध्याकाळी बायकांसमोर सांग."

संध्याकाळी जानकीच्या अंगणात त्याने ते सांगितलं, शब्दही न बदलता. बायकांनी जानकीकडे पाहिलं. जानकी मात्र गौरेशाकडे पाहत होती.

"भावाचो फोन व्रताच्या सोमवारपासून म्हजेकडे आसा," ती सावकाश म्हणाली. "गिऱ्हाइकां विचारतात म्हणून ठेवन गेला. दर फोन हांवें घेतला. बुधवारी तू फोनार कोणाकडे उलयलो?"

गौरेशाने ओठ ओले केले.

"मी सांगते," विनोदिनी म्हणाली. अंगणात फेऱ्या मारतच ती बोलत होती. "नाव हलवायला आधी खात्यातून एक गुप्त आकडा काढावा लागतो. खात्याची किल्ली दोघांकडे: कृष्णनाथकडे आणि ते बनवणाऱ्या गौरेशाकडे. मग मालकाला मेल जातो. तो पाच दिवस गप्प राहिला, तर होकार धरतात. हा नियम या अंगणात एकट्या गौरेशाला ठाऊक. दरवर्षी व्रतात कृष्णनाथ फोन जवळ ठेवतो, घरच्यांपुरता; मेल बघत नाही. हेही त्याला ठाऊक. म्हणून व्रतातला बुधवार निवडला. पण यंदा फोनच घरी राहील हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तो नुसता गप्प बसला असता तर पकडणं जड गेलं असतं. घाईघाईने होकार रचला आणि तिथेच फसला."

"कित्याक रे?" जानकीने विचारलं.

"साइट मी केली, फुकट," गौरेश खाली बघत म्हणाला. "सगळीकडे मास्तरांची साइट, मास्तरांची साइट. शेट म्हणाले, माझ्या साइटवर बनवणारा म्हणून तुझं नाव लागेल."

विनोदिनीला त्याची कीव आली आणि रागही आला. "तक्रार केली तर नाव परत येईल, पण हंगाम उलटल्यावर. शेट?"

सगुणशेट उठले. "आत्ताच दितां. गौरेशा, काड तें मशीन."

बायकांच्या माना खाली गेल्या. शेटींनी लगेच होकार दिल्यामुळे पाच दिवस थांबावं लागलं नाही; गौरेशाने त्यांच्यासमोरच नाव परत धाडलं.

सकाळी कृष्णनाथ आला तेव्हा गळ्यातले मोगऱ्याचे हार कोमेजले होते आणि पायांना राख होती. वेताची काठी त्याने भिंतीला टेकवली. विनोदिनीने सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि बहिणीकडे पाहिलं.

"आनी तुका कितें दिसलें, कोणें विकलें?"

जानकीला खोटं बोलता आलं असतं.

"एक रात म्हाका दिसलें, तुवेंच विकलें," जानकी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

कृष्णनाथ पायरीवर बसला आणि तिला शेजारी बसायची खूण केली.

"एकूच रात?" तो म्हणाला. "बरें. आतां च्या कर."