व्हॅनची तिसरी तपासणी

आधी तिला दिसली ती पेटती बॅटरी, मग एक हात, आणि मग ग्रीस लागलेलं नाक. वाहन तपासणी केंद्राच्या खड्ड्यात, मुलांना शाळेत नेणाऱ्या तिच्या पिवळ्या व्हॅनखाली उभा असलेला तरुण तपासनीस वर बघत विचारत होता, "चेसिस नंबर कुठे लपवलात?"

"लपवला नाही," ती वाकून म्हणाली. "बाबांनी रंगवलाय."

आणि ते खरंच होतं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बाबांनी व्हॅन लेकीच्या हवाली केली होती, पण त्यांचा जीव अजून त्या व्हॅनमध्येच होता. तपासणी जवळ आली म्हणताच त्यांनी स्टुलावर बसून आठवडाभर ब्रश चालवला, आणि मायेच्या भरात दाराखालच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरालाही रंगाचे दोन हात देऊन टाकले. आता तिथे शोधूनही आकडा सापडत नव्हता.

शिवाय हँडब्रेक डाव्या चाकाला धरत नव्हता. त्याने कागदावर 'नापास' लिहिलं आणि तिचा पारा चढला. फाटकापाशी एजंटने सकाळीच तिला गाठून सांगितलं होतं, ताई, पंधराशे द्या, गाडी खड्ड्यावर न चढताच पास. तिने भिंतीवरच्या सरकारी दरफलकाकडे बोट दाखवलं होतं आणि खिडकीत जाऊन सहाशेच भरले होते, वर एक छदामही नाही.

"सहाशे घेतलेत, आणि वर नापास?"

"फी तपासण्याची असते," तो म्हणाला. "पास व्हायला... ब्रेक लागतो."

बोलणं झोंबलं. पण बोलता बोलता त्याने नाक पुसायला हात नेला, ग्रीस गालभर पसरलं, आणि तिला हसू दाबावं लागलं. मग त्याने नियम सांगितले. दहा दिवसांत परत आणलीत तर एकदा फुकट, त्यानंतर प्रत्येक वेळी निम्मी फी.

तिच्याकडे दहा दिवस नव्हतेच. सुटी संपून शाळा येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी उघडणार होती, आणि त्याआधीच्या शनिवारी बारा वाजेपर्यंत फिटनेसचा कागद शाळेच्या कचेरीत पोचला नाही, तर अकरा मुलांचं काम दुसऱ्या गाडीला जाणार होतं. घर त्याच कामावर चालत होतं. कागद मिळवायचा, आणि फलकावरच्या फीतच मिळवायचा, असं तिने मनाशी पक्कं केलं.

चार दिवस ती पॉलिशपेपर घेऊन सांगाड्याशी आडवी पडली होती, जमेल तसा हँडब्रेकही आवळत होती. बाबा स्टुलावरून सूचना देत होते आणि मधूनच, रंग काय सुरेख बसला होता, म्हणून हळहळत होते. मंगळवारी ती पुन्हा केंद्रावर हजर झाली. नंबर लख्ख वाचता आला. ब्रेकचा काटा मात्र खुणेच्या जरा खालीच अडकला, आणि त्याने पुन्हा 'नापास' लिहिलं. लिहिताना या वेळी त्याचाच चेहरा पडला.

तिचा चेहरा पडला नाही. बाहेरच्या चहाच्या दुकानात तिने त्याला गाठलं आणि नेमकं कुठे अडतंय ते विचारलं. कुणाच्याही गाडीला हात लावायची मनाई आहे, तो म्हणाला, पण चित्र काढायची नाही. मग एका रद्दी फॉर्मच्या पाठीमागे त्याने ब्रेकची तार, चाक आणि मधला ताण काढून दाखवला. तो समजावत होता, ती ऐकत होती... आणि चहा दोघांचाही गार झाला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "एजंट, खिडकीतले काका, हा चहावाला... सगळे मला ताई म्हणतात. तुम्ही म्हणत नाही."

तो चित्रावर उगाच आणखी एक रेघ ओढत बसला. "फॉर्ममध्ये तसा रकाना नाही," असं म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. ते लाल कान तिने घरापर्यंत जपून नेले.

शनिवारी पाऊस होता. फीचे तीनशे भरून दहा वाजता ती त्याच्या रांगेत उभी राहिली. टायर ओले असले तर ब्रेक मोजायच्या यंत्रावर घसरतात, हे आता तिला ठाऊक होतं. म्हणून पत्र्याखाली येताच ती फडकं घेऊन चारही चाकं कोरडी करत सुटली. तिचा नंबर आला. तो मात्र खड्ड्यात उतरेना.

"ही गाडी मी तपासणार नाही," तो म्हणाला.

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "का? तुम्हालाही वर काही हवंय?"

त्याने एक फॉर्म पुढे केला. गाडीमालकाशी तपासनिसाचा काही संबंध असेल तर तो आधी लिहून द्यायचा, असा तो फॉर्म होता. खाली त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'या गाडीच्या मालकीणबाई मला मनापासून आवडतात. त्यांची गाडी पास व्हावी असं मला वाटतं. म्हणून ती मी तपासू नये.'

तिला एकाच वेळी रडू आलं आणि रागही आला. "हे तासाभराने सांगता आलं नसतं?"

"सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते... मी पास केली. ती तुम्ही तुमच्या मेहनतीने पास करणार आहात."

फॉर्ममुळे व्हॅन शेजारच्या रांगेत गेली. तिथे केंद्रातल्या सगळ्यात जुन्या तपासनीस, मोठ्या बाई, होत्या, आणि त्यांच्या हातून खटारा सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पुढे पाच गाड्या. साडेअकराला व्हॅन यंत्रावर चढली. तिने हँडब्रेक ओढला, त्याचं चित्र समोर ठेवून चार दिवस खपून नीट केलेला. काटा हलला, थरथरला, खुणेच्या वर गेला आणि तिथेच थांबला. बाईंनी न हसता शिक्का मारला.

मग त्यांनी तो फॉर्म पुढे सरकवला. वरचं खरं की खोटं, हे मालकाने लिहिल्याशिवाय फाइल बंद होत नाही, त्या म्हणाल्या. ती गाडीतून उतरली. खड्ड्याच्या काठावर तो उभा होता. तिने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि लिहिलं: 'खरं आहे. मलाही ते आवडतात.' खाली ठसठशीत सही केली.

"म्हणजे ही गाडी आता दर वर्षी माझ्याकडेच," बाई म्हणाल्या.

तो जवळ आला. "त्यांच्यापेक्षा मी सोपा तपासनीस आहे," तो हळूच म्हणाला. "अजून खोडता येईल..."

"खोडायचं नाहीये," ती म्हणाली. "पण आधी शाळा. एक वाजता तुम्ही सुटता ना?"

बाराला सात मिनिटं कमी असताना कागद शाळेच्या कचेरीत पोचला. एक वाजता पिवळी व्हॅन पुन्हा केंद्राच्या फाटकात आली, आणि या वेळी तिने ती कुठल्याच रांगेत लावली नाही.