कोपऱ्यातला अंगठा

त्याला सगळे टेस्टर म्हणत. तीस वर्षं वायरमनचं काम केलेला हा माणूस लग्नाला जातानाही खिशाला टेस्टर लावून जायचा, आणि त्याचा दिवा लागल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. तारेत वीज आहे असं कुणी म्हटलं तरी ‘बघू’, नाही म्हटलं तरी ‘बघू’. बायको म्हणायची, "मलाही कधीतरी लावून बघितला असेल तुम्ही." तो म्हणायचा, "तुला कशाला लावू? तू कायमच चालू."

त्या सकाळी ज्या घरी तो गेला तिथलं काम तसं किरकोळ होतं. भिंतीवर टीव्ही, टीव्हीखाली लोंबणाऱ्या तीन वायरी. त्या लपवायच्या. दार उघडलं ते चाळिशीच्या एका बाईंनी. त्यांच्या हातात वाटी होती आणि वाटीतलं निम्मंही संपलेलं नव्हतं.

"दादा, आधीच सांगते," त्या म्हणाल्या, "भिंत फोडायची नाही."

"मग वरून पट्टी मारू."

"पट्टीसुद्धा नाही." त्यांनी आवाज उतरवला. "बाबांना दिसतं."

बाबा समोरच्या पलंगावर होते. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा थोडाफार हलायचा. तोंड टीव्हीच्या भिंतीकडं. त्यांचा वेळ जावा म्हणून मुलीनं, म्हणजे या ताईंनी, टीव्ही हौसेनं आणला आणि घोटाळा झाला. बाबा जन्मभर गवंडी. हे घर त्यांनी स्वतः बांधलेलं, ही भिंत स्वतः गिलावा केलेली, आणि त्या भिंतीवर आता दिवसभर तीन वायरी लोंबत होत्या. पहिला वायरमन खाच मारायला मशीन घेऊन आला तेव्हा बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याला परत पाठवावं लागलं. दुसऱ्यानं वरून प्लास्टिकची पट्टी चिकटवली. बाबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. ताईंनी पट्टी उपटून टाकली तरी धड उघडलं नाही.

"दिवसाकाठी तीन-चार चमचे जातात," ताई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, सोमवारी नाकातून नळी घालू. मला ती नळी नकोय दादा. एकदा घातली की निघत नाही."

टेस्टरनं भिंतीवरून हात फिरवला. खोटं कशाला बोला, असं काम त्यानं फार बघितलं नव्हतं. कुठं उंचवटा नाही, कुठं लाट नाही. ज्यानं हे केलं त्याला त्या वायरी डोळ्यांत कुसळासारख्या खुपणारच.

"हे बघा," ताईंनी दाराशेजारचा खालचा डावा कोपरा दाखवला. गिलाव्यात अंगठ्याचा ठसा होता. त्यात एक तिरपी रेघ. "ही बाबांची सही. काम मनासारखं झालं की ओल्या गिलाव्यात अंगठा दाबायचे. लहानपणी करवतीनं कापला होता ना, त्याचा वण. मनासारखं झालं नाही तर अंगठा नाही, मग मालक कितीही खूश असो."

टेस्टर पलंगापाशी गेला. "बाबा, तुमच्या भिंतीला ओरखडाही पडू देणार नाही," तो म्हणाला. बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. बोलून बसलो खरं, असं त्याच्या मनात आलं, पण आता मागं फिरणं शक्य नव्हतं.

दोघांनी मिळून टीव्ही उतरवला. मागं लोखंडी चौकट आणि तिच्यामधली कोरी भिंत. तिच्यावरची धूळ त्यानं फडक्यानं पुसली. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर एक जुनी डबी होती, वापरात नसलेली, झाकण मारलेली. झाकण काढलं तर आत भिंतीत वर जाणारा पाइप. कुठं निघतो देव जाणे. सांगू शकणारा माणूस पलंगावर होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

त्यानं मेन स्विच बंद केला, वायरी ओढायची पोलादी ओढतार काढली आणि पाइपात वर सरकवायला लागला. ताई स्वयंपाकघरात गेल्या. काम करताना बोलायची त्याला सवय होती, आणि बाबांइतका शांत श्रोता त्याला कधी मिळाला नव्हता.

"आमच्या घरी बघा," तो म्हणाला, "शेगडीपाशी एक भोक आहे, केवढं तरी. जुना बोर्ड काढला, म्हटलं उद्या बुजवू. त्याला झाली तीन वर्षं. बायको रोज ऐकवते, गावाला उजेड देतो आणि घरात बोगदा ठेवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सिमेंटचं काम आपल्याला जमत नाही हो. तुमच्यासारखा हात पाहिजे."

बाबांचे डोळे त्याच्यावर होते.

तार चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत गेली आणि अडली. मागं घेतली, फिरवून घातली, टोक वाकवलं, पुन्हा घातली. दहा-बारा वेळा तेच. तासाभरानं त्यानं हात टेकले. एकच उपाय उरला होता. टीव्हीच्या मागं झाकली जाईल अशा जागी बारीक भोक पाडायचं आणि तिथून तार पकडायची. ओरखडा पडू देणार नाही असं तो म्हणाला होता, पण झाकलेला ओरखडा कुणाला दिसतो? त्यानं पेन्सिलीनं खूण केली, ड्रिल मशीनला बाहेरच्या जोडणीवरून वायर आणली, आणि लोखंडी स्टुलावर अनवाणी चढला.

ड्रिलचं टोक खुणेवर टेकवलं तेवढ्यात खाली काहीतरी खरडलं.

डबीतून बाहेर लोंबणारी ओढतार वीतभर आत गेली होती.

त्यानं बघितलं. तार स्थिर होती. पाइपात ताण बसला असेल, सुटला असेल, असं म्हणून त्यानं ड्रिल पुन्हा टेकवलं.

तार पुन्हा वीतभर आत गेली. या वेळी हिसका देऊन.

स्टुलावरून उतरून त्यानं ती चिमटीत धरली. वरून कुणीतरी धरलेली तार कशी लागते हे त्याला तीस वर्षांत चांगलं कळलं होतं. ही तशीच लागत होती. भिंतीला कान असतात एवढंच त्यानं आजवर ऐकलं होतं. त्यानं कान लावला. आत अगदी हळू काहीतरी घासत होतं, ओल्या गिलाव्यावरून थापी फिरावी तसं.

त्यानं मागं वळून पाहिलं. बाबांचा डावा हात चादरीवरून फिरत होता. अर्धगोल, मग परत. अर्धगोल, मग परत. दोन्ही आवाजांची लय एकच होती.

टेस्टरनं सवयीनं खिशातून टेस्टर काढला. नुसता जवळ नेला तरी लागणारा होता तो. पेन्सिलीच्या खुणेवर धरला.

दिवा लागला.

मेन बंद होता. तरीही लागला. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाची लाइन याच भिंतीतून, बरोबर त्या खुणेखालून जात होती. त्या मेन स्विचशी तिचा काही संबंध नव्हता. आणि तो अनवाणी लोखंडी स्टुलावर उभा राहून तिच्यात ड्रिल घालणार होता.

तो पलंगाच्या कडेला बसला. घरी बायको होती, धाकटीची शेवटची परीक्षा चालू होती. ड्रिलचं बटण दाबायला एक क्षण पुरला असता.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचे उपकार झाले."

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. ते भिंतीकडं बघत होते, कामात असलेला माणूस बघतो तसे. हात फिरत होता.

टेस्टर उठला. काय करायचं हे आता त्याला कुणी सांगायला नको होतं. ओढतारेच्या खालच्या टोकाला त्यानं वायरी बांधल्या आणि डबीपाशी हात धरून बसला. तार वर गेली. मागोमाग वायरी गेल्या, न अडकता, न थांबता. जोडीदार चांगला असला की जातात तशा.

मग थांबल्या.

त्यानं वर पाहिलं. लोखंडी चौकटीच्या मध्ये, मघाशी स्वतः पुसलेल्या कोऱ्या भिंतीत, एक भोक होतं. ओढतारेचं टोक तिथून बाहेर आलं होतं. भोकाच्या कडा गोल, गुळगुळीत आणि ओल्या होत्या. खोलीत ओल्या सिमेंटचा वास आला. भोकाच्या खाली डावीकडं अंगठ्याचा ताजा ठसा होता, त्यात तीच तिरपी रेघ.

भोकावर त्यानं सॉकेटची प्लेट बसवली. ठसा झाकला जाणार नाही एवढी काळजी मात्र त्यानं घेतली.

दुपारी टीव्ही परत चढला. खाली वायर नाही, पट्टी नाही, खाच नाही, नुसती भिंत. ताई बराच वेळ बघत राहिल्या. "कुठून नेल्यात हो?"

"बाबांनी दाखवली वाट," तो म्हणाला. ताईंना वाटलं, चांगला माणूस आहे, बाबांचं मन राखतो.

त्यांनी वाटी आणली, चमचा पुढं केला. बाबांनी भिंतीवरून नजर काढली नाही, पण तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा. सहाव्या चमच्याला ताई रडायला लागल्या आणि रडत रडतच भरवत राहिल्या. टेस्टरनं हत्यारं आवरली, बाबांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन क्षणभर धरला. हात गार होता, आणि नखांत ओलं राखाडी काहीतरी होतं.

संध्याकाळी घरी येऊन तो दारात चप्पल काढत होता तेव्हा ताईंचा फोन आला.

"दादा, रात्रीची वाटीही आत्ताच संपवली त्यांनी. डॉक्टरांना कळवलं मी, म्हणाले मग नळी नको." त्यांचा आवाज भरून आला होता. "तुमचे आभार कसे मानू? आणि दादा, बाबा बोलले. दोन वर्षांत पहिल्यांदा."

"काय म्हणाले?"

"तेच कळत नाहीये. दोनदा म्हणाले, ‘शेगडीच्या वर की खाली?’ आमच्या शेगडीपाशी काहीच नाहीये हो."

टेस्टर एक चप्पल पायात, एक हातात, असा उभा राहिला. पण ज्यानं जीव वाचवला त्यानं साधं काही विचारलं तर उत्तर न देणं बरं नव्हे.

"वर," तो म्हणाला. "हातभर वर. डावीकडं."

"सांगते हं." आणि लांबून त्यांचाच आवाज आला, "बाबा, वर म्हणतायत. हातभर, डावीकडं."

बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालणारी बायको थांबली. "अहो, आत कोण काय घासतंय?"

तो फोन कानाला धरून स्वयंपाकघरात गेला. तिथं कुणी नव्हतं.

शेगडीवरचं भोक बुजलेलं होतं. गिलावा ओला होता, त्यावर पाण्याची चमक होती. कुठं उंचवटा नाही, कुठं लाट नाही. खालचा डावा कोपरा कोरा होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "बाबा काय करतायत?"

"आत्ताच डोळा लागला बघा. मघापासून चादरीवर हात फिरत होता, तोही थांबला." त्यांनी वाकून बघितलं असावं. "अंगठा तेवढा दाबून धरलाय चादरीत."

टेस्टर कोपऱ्याकडं बघत होता. ओल्या गिलाव्यात एक खळगा पडत होता, सावकाश. त्यात तिरपी रेघ उमटली.

"त्यांना सांगा," तो म्हणाला, "फार आभारी आहे."

खळगा आणखी जरासा खोल गेला, आणि सुटला.