कोफूच्या देवळात बूट काढत नाहीत

बीडच्या स्टँडवर नळाखाली मी हात धूत होते, आणि एका अनोळखी पोरानं मला सांगितलं की मी चुकतेय. हात धुण्यात.

"आधी डावा," तो म्हणाला. "मग उजवा. मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. तुमी उलटं केलं."

मी वळून बघितलं. उंच, सावळा, पाठीवर सॅक, आणि चेहऱ्यावर असं हसू, जसा काय तो नळ ह्याच्या बापानंच बसवलाय. मला कुणी टोकलेलं खपत नाही, हे आमच्या नेकनूरात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे.

"तुमाला कुणी विचारलं?"

"कुणीच न्हाई. पण जपानच्या देवळात असं धुतलं तर तिथला देव काय म्हणंल?"

आता मात्र मी चाट पडले. कारण मी तेच करत होते. जपानी देवळाच्या दारात पाण्याचं कुंड असतं, पळीनं पाणी घेऊन हात-तोंड धुवायची रीत असते, आणि तिचाच मी स्टीलचा पेला घेऊन, ओठांत पुटपुटत सराव करत होते. स्टँडवरच्या बायांना वाटलं असेल, पोरीचं डोकं फिरलं.

"तुमाला कसं माहीत?"

"बबिता मॅडमच्या क्लासला चाललोय. आज पहिलाच दिवस. मी सत्यम, केजचा." त्यानं माझ्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. "तुमी पण तिथंच ना?"

होय, मी पण तिथंच. बबिता मॅडम कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत जपानी शिकवतात. भाषा आली की तिकडे म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची नोकरी मिळते. कोफू नावाच्या गावातल्या वृद्धाश्रमाची बाई चैत्रात स्वतः बीडला यायची होती, आणि जागा एकच होती. ती मला पाहिजे होती. माझे आई-आप्पा दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. आईची कंबर आता मोळी उचलू देत नाही, तरी ती उचलते. मला ती जागा मिळाली, तर पुढच्या हंगामात मुकादमाचा ट्रॅक्टर आमच्या दारावरून रिकामा जाणार होता. एवढंच मला बघायचं होतं. आणि त्यात हा आला, डावा-उजवा सगळं पाठ असलेला.

त्याला खरं वेड होतं ते सामुराईंचं. कुणाची तलवार कशी, कुणाच्या शिरस्त्राणाला शिंगं, कोण कोणाशी कुठल्या माळावर लढला... वर्गात मॅडम क्रियापदं सांगायच्या आणि हा वहीच्या कोपऱ्यात तलवारी काढत बसायचा. तरी विचारलं की उत्तर बरोबर. लई राग यायचा मला.

"एवढं काय असतं रे तलवारीत?" एकदा मी म्हणालेच. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. "आमच्या घरात दोन कोयते हायत. दिवाळी ते गुढीपाडवा ऊस आडवा करत्यात. मला नको सांगू सामुराईचं कौतुक."

तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. वही मिटून माझ्याकडे वळला.

"मंग तू सामुराईचीच पोर की," तो हळूच म्हणाला. "तुज्याशी जपूनच राहावं लागंल."

माझे कान तापले. उन्हानं, असं मी स्वतःला सांगितलं. वर्गात पंखा चालू होता.

क्लास सुटला की खाली काकडीवाली बसलेली असायची. तिथं उभं राहून तो मला शिकवायचा. खरंच शिकवायचा, जागा एकच आहे हे माहीत असताना. देवळापुढची लाल कमान म्हणजे तोरी. तिच्यापुढं वाकायचं, मग कडेकडेनं चालायचं, कारण वाटेचा मध्य देवाचा. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, मग पुन्हा एकदा वाकायचं.

"आन् बूट?" तो विचारायचा.

"काढायचे..."

"न्हाई, योगिता. तोरीपाशी बूट काढत न्हाईत. अंगणभर बूट घालूनच फिरायचं. किती वेळा सांगू?"

मला ते पटायचंच नाही. देवापुढं पायताण घालून जायचं म्हणजे काय?

एक दिवस काकडीवर मीठ भुरभुरत त्यानं गोष्ट सांगितली. "कोफूचा जुना राजा शिंगेन. त्याच्या मुलखाला समुद्र न्हवता, आपल्या बीडासारखाच. शेजारच्या राजांनी त्याचं मीठ बंद केलं. माणसं आळणी खायला लागली. तवा त्याचा सगळ्यात मोठा वैरी, केन्शिन, त्यानं मीठ धाडलं म्हणत्यात. म्हणाला, माजं भांडण तलवारीचं हाय, मिठाचं न्हाई."

"मंग मैत्री झाली?"

"कुठली. पुन्हा लढले. आता दोघंबी देव हायत, दोघांची देवळं हायत."

"आन् आपल्यात? आपण वैरीच की. जागा एकच हाय."

"ते तू ठरव," तो म्हणाला आणि काकडीचं मोठं अर्धं माझ्या हातात दिलं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तो मला आवडायला लागला होता, आणि त्यासाठी ह्याहून वाईट वेळ दुसरी नव्हती.

मुलाखतीचा दिवस उजाडला. मॅडमनी मांडववाल्याकडून मागच्या अंगणात बांबूची तोरी उभी करून घेतली होती, लाल कापड गुंडाळलेली. वृद्धाश्रमाच्या कावामुरा बाई आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, कुणाचंही बोलणं मान हलवत ऐकणाऱ्या. भाषेची परीक्षा होता होता दुपारी दोघंच उरलो, मी आणि सत्यम. बाई म्हणाल्या, आमचे आजी-आजोबा रोज सकाळी शिंगेनच्या देवळात जातात, त्यांना हात धरून न्यावं लागेल. कसं न्याल, ते करून दाखवा. दोघं एकदमच या.

भर दुपारचं ऊन, शहाबादी फरशी तव्यासारखी तापलेली. मी तोरीपाशी पोचले... आणि माझ्या पायांनी चपला काढल्या. मी नाही, पायांनीच. जन्मापासूनची सवय. फरशीचा चटका बसला तेव्हा कळलं काय करून बसलेय. मॅडमनी कपाळाला हात लावला. मागं फिरून चपला घालणं म्हणजे आणखी शोभा. गेलं, म्हटलं. आईची कंबर, रिकामा ट्रॅक्टर, सगळं गेलं. डोळे भरून आले.

तेवढ्यात शेजारी खुडबूड ऐकू आली. सत्यम उकिडवा बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. एक बूट काढला. दुसरा काढला. मोजे काढून बुटात कोंबले. मग उठून माझ्या शेजारी अनवाणी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "चल. कडेकडेनं."

आम्ही चाललो. तळवे भाजत होते. दोनदा वाकलो, दोन टाळ्या वाजवल्या—एकदम, एका आवाजात—आणि पुन्हा वाकलो. वाकल्यावर दिसलं, त्याच्या पायांची बोटंही माझ्यासारखीच वर उचललेली. मला रडू आणि हसू एकदमच येत होतं.

"बूट का काढले?" कावामुरा बाईंनी जपानीत विचारलं.

"आमच्याकडची सवय," सत्यम म्हणाला. "दोघंही चुकलो."

धडधडीत खोटं. नाड्या सोडून, मोजे काढून कोण चुकतं? मी फक्त गप्प बसायचं होतं. पण माझी जीभ कुठं गप्प बसते.

"नाही," मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले. "चूक माझी एकटीची. त्याला सगळं येतं. त्यानं मुद्दाम काढले, माझ्यासाठी. त्यानं मला मीठ धाडलं."

बाई थबकल्या. माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग पर्समधून रुमाल काढून डोळे टिपले. त्या हसत होत्या की काय, कळलं नाही.

आम्ही बाहेर लिंबाखाली येऊन उभे राहिलो आणि मी त्याला धारेवर धरलं. "तुला कुणी सांगितलं होतं रे? तुजी जागा गेली असती."

"तुजे पाय भाजत होते."

"माजे भाजत होते ना? तू कावून भाजून घेतलेस?"

"तुजे एकटीचे... बघवंनात," तो म्हणाला.

मॅडम धावतच बाहेर आल्या. जागा मला मिळाली होती. बाईंचं म्हणणं होतं, म्हाताऱ्यांच्या घरात चुका होतातच, मला लपवणारी नको, तोंडावर सांगणारी हवी. आणि सत्यमसाठी निरोप होता, पुढच्या खेपेला परत ये, बूट घालून ये. मी मॅडमच्या गळ्यात पडले, आईला फोन लावला. सत्यम माझ्याहून जास्त हसत होता. आतून तो थोडा तुटला असणार, मला दिसत होतं. तरी ते हसू खोटं नव्हतं.

संध्याकाळी जीपथांब्यावर आलो. नेकनूर आणि केज एकाच रस्त्याला.

"नेकनूर, केज... एक शीट, एकच शीट," ड्रायव्हर ओरडत होता.

"जा तू," सत्यम म्हणाला. "आई वाट बघत आसंल."

"मला तू आवडतोस, सत्यम," मी म्हणाले. सरळच. भर थांब्यावर, शेंगदाण्याच्या पोत्यांशेजारी. "कधीपासून, ते विचारू नको. पुढच्या खेपेला कोफूला ये. नक्की ये."

त्याचा चेहरा असा झाला की ह्याला जपानीच काय, मराठीसुद्धा येत नसावी. मग त्याची करंगळी माझ्या करंगळीला लागली आणि तिथंच राहिली.

"येतो," तो म्हणाला. "मलाबी तू... पहिल्या दिवसापासून. नळापासून."

"ताई, बसता का?" ड्रायव्हरनं दार उघडून धरलं.

"न्हाई, जाऊ द्या तुमी," मी म्हणाले. "जपानला एकटीच जायचंय. नेकनूरला तरी कशाला एकटी जाऊ?"