एकतीस मीटरवरची फर्माईश

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. घातलं असतं तर स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

मी बजरंग. मुदखेडला रेल्वेत ट्रॅकमन आहे. १६ डिसेंबर २०२३, शनिवार. त्या रात्री मी अहमदपूरला माझ्या बहिणीकडे, पुनमकडे मुक्कामी होतो. तिला सातवा महिना होता.

तिचे मालक भुजंगदाजी. त्यांना शॉर्टवेव्ह रेडिओचं वेड. लांबलांबची केंद्रं पकडायची, पत्र पाठवायचं आणि उत्तराला आलेलं कार्ड भिंतीला लावायचं. पण एक केंद्र महिनाभर त्यांना हुलकावणी देत होतं. एकतीस मीटरच्या पट्ट्यावर, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी. ना नाव, ना पत्ता. कुठल्याच यादीत नाही.

"बोली तर आपल्याकडचीच हाय," दाजी म्हणाले. "ऐक."

खरखर...

मग एका म्हाताऱ्याचा आवाज. "श्रोतेहो, पत्र टाकू नका. नावं बोला. आम्हाला ऐकू येतंय."

मी हसलो. रेडिओ बोलतो, ऐकतो थोडाच!

पण दाजी जुने फर्माईशवाले. कार्डावर अख्ख्या घराची नावं लिहायची त्यांची सवय. नावं वाचली तर केंद्र आपलं नावही सांगेल, असं त्यांना वाटलं. रेडिओला तोंड लावून ते बोलले, "चतुराबाई, पुनम, भुजंग. मुक्काम अहमदपूर."

खरखर थांबली...

"मिळाली."

दुसऱ्या रात्री आम्ही दोघं पुन्हा बसलो.

"पहिलं नाव. चतुराबाई. अहमदपूर."

मग... धप्प.

तो आवाज रेडिओतून आला. आणि मधल्या खोलीतूनही.

चतुराबाई म्हणजे दाजींची आई. आतून कडी लावून झोपायची. आम्ही दार तोडलं. म्हातारीचं कपाळ नारळ फोडावा तसं फुटलं होतं. रक्त वरच्या पत्र्यापर्यंत उडालेलं.

खोलीत कुणीच नव्हतं.

आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा... धप्प. तिचा जबडा खचला. दाजी तिच्या अंगावर आडवे पडले. तरी त्यांच्याखाली तिच्या बरगड्या मोडल्या. मी ऐकल्या.

पोलिसांनी आम्हा दोघांना चार दिवस उलटंसुलटं विचारलं. त्यांनाही काही सापडलं नाही. दाजींनी कुऱ्हाडीने रेडिओ फोडला आणि तुकडे पोत्यात बांधले.

तेराव्याच्या रात्री, एक वाजून दहा मिनिटांनी, त्या पोत्यातून खरखर सुरू झाली...

"दुसरं नाव..."

पुनम माझ्या शेजारीच होती. तिने दोन्ही हात पोटावर घेतले. "भाऊ, मला धर!"

मी पोत्यावर पडून ओरडलो, "पुनम न्हाई! केरबा! केरबा, मुदखेड!"

केरबाशी माझं काही वैर नव्हतं. रुळांवरच्या आमच्याच गँगमधला माणूस. रोज माझ्या डब्यातला ठेचा खायचा. तोंडाला आलं, ते नाव गेलं.

"मिळालं."

धप्प... धप्प... धप्प...

मधेमधे केरबा ओरडत होता. "बजरंग्या, ये रे! मारून राहिलंय कोणी!" पोत्यातून. पंधरा मिनिटं.

सकाळी फोन आला. क्वार्टरला आतून कडी होती. चेहरा उरलाच नव्हता. हातावरच्या गोंदणावरून ओळख पटवली, ती मीच.

पुनमला मुलगी झाली. तिला मांडीवर घेतलं की केरबाची बायको डोळ्यांसमोर येते. मला माझीच किळस येते. तरी ती रात्र परत आली तर मी तेच करीन.

पोतं आम्ही विहिरीत टाकलं. दीड वर्ष सगळं शांत होतं.

आज संध्याकाळी दाजी न कळवता मुदखेडला आले. रुमालात गंजलेला, ओला स्पीकर बांधून आणला होता.

"विहिरीतून आवाज यायलाय," ते म्हणाले. "आज तिसरं नाव घेणार म्हणतोय. माझं."

मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं.

"बहिणीसाठी दिलंस ना? आता माझ्यासाठी एक सांग. मला तर कोणाचंच नाव आठवंना गेलंय, बजरंग... फक्त..."

ते जेवले नाहीत.

हे मी मोबाईलवर लिहितोय. एक वाजून नऊ मिनिटं झालीत. दाजी समोर बसलेत. स्पीकर त्यांच्या तोंडाशी आहे.

ते मघापासून माझ्याकडंच बघताहेत.