अंगठ्यावरचं पाणी

बडनेरा नावाचं गाव, गावाबाहेर रेल्वेचं फाटक, फाटकापलीकडे भातकुलीच्या रस्त्याला एक घर. घरात सासरा नत्थुजी, सासू मनकर्णा, मुलगा नितेश आणि सून साधना. नितेश रेल्वेत कामाला, साधना अमरावतीच्या एका दवाखान्यात नर्स. आणि घरापुढे लिंबाच्या सावलीत मनकर्णेचा रांजण.

रांजण म्हणजे त्या घरचा देवच समजा. घरच्या बोअरचं पाणी इतकं खारं की म्हैससुद्धा तोंड फिरवायची. म्हणून नितेश गावातून गोडं पाणी आणायचा आणि मनकर्णा ते फडक्यातून गाळून रांजण भरायची. शेजारी दोरीला पितळी लोटा, काठाला पोचा आलेला. तिचा नेम होता, पाणी मागणारा या दारातून कोरड्या तोंडाने जाणार नाही. साधना नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हाती आधी तो लोटा दिला होता. साधनेनेही नेम मनापासून धरला. सुटीच्या दिवशी रांजण तीच भरायची. हे ध्यानात ठेवा बरं. नेम खोटा वाटला म्हणून ती पुढे भांडली नाही.

वैशाखात हिवरखेडची एक म्हातारी दवाखान्यात आली. सत्यभामा तिचं नाव. आतडं फाटलं होतं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पोट चालू होईस्तोवर पाण्याचा थेंब द्यायचा नाही, शिवलेलं उसवेल. सलाईन चालू होतं, पण सलाईनने जीभ थोडीच ओली होते? बाहेर ऊन असं की डांबर पायाला चिकटावं.

"बाई, एक घोट... तुह्या मायच्या गावची हाय व मी."

साधनेचं माहेर हिवरखेडचंच. तिने कापूस ओला करून ओठांवर फिरवला. त्यापुढे काही दिलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी सत्यभामा गेली. ओठ तसेच उघडे.

घरी येऊन साधना सासूपाशी रडली. मनकर्णेने ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"मरतीच्या तोंडात पानी नाई देल्लं?"

"मरनार हाय हे मले आधी समजते का आत्याबाई? ती जगावी म्हनून नाई देल्लं."

"जगली का?"

साधना पदर तोंडाला लावून पुन्हा रडली.

"आता ती येईन," मनकर्णा म्हणाली. "आपल्याच दारी येईन, पाहाय तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी काठोकाठ भरलेला रांजण दुपारी ठणठणीत कोरडा. खालच्या वाळूत ओल नाही, रांजणाला चीर नाही. नत्थुजी म्हणाले, माकडं असतील. पुढच्या दिवशी ते स्वतः लिंबाखाली बाज टाकून बसले. बाराच्या ठोक्याला डोळा लागला म्हणाले, आणि घोटामागून घोट घेतल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर लोटा दोरीला हलत होता. त्यानंतर माकडांचं नाव त्यांनी काढलं नाही.

"नेम मोडला हाय तुह्या हातानं," मनकर्णा सुनेला म्हणाली. "आता जो कोनी पानी मागन त्याले दे. नाई देल्लं तर या रांजनाले हात लावू नोको. तू आनि तुह्यी नोकरी पाहून घ्या."

नितेश जेवता जेवता थांबला. आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, अन् पुन्हा ताटात पाहिलं. त्याच्याकडून एवढंच झालं.

साधना ड्यूटीवर गेली. सत्यभामेच्या खाटेवर आता चंदा होती. विशीतली पोर, तेच दुखणं, तसेच टाके. खाली चटईवर तिची आई पार्बताबाई. चंदा सकाळपासून पाणी मागत होती आणि साधना मान फिरवत होती. मान फिरवली की सासूचा शब्द कानात वाजायचा.

बाराला लाइट गेली. कूलर घरघरत थांबला, वाळ्याचा वास जागच्या जागी कुजल्यासारखा झाला. एरवी जनरेटर लगेच लागतो, आज लागेना. वॉर्डातल्या बाया एकामागून एक झोपल्या. पार्बताबाई पदर तोंडावर घेऊन पडली. पाखरांचा आवाज नाही, रस्त्यावर ऑटोचा नाही. रात्रीला निदान किडे असतात, दुपारी तेही नसतात.

"ताई... पानी..."

साधना खाटेकडे वळली. चंदाचे ओठ मिटलेले होते.

उशाशी सत्यभामा उभी होती. अंगावर दवाखान्याचाच हिरवा गाऊन. हातात लोटा. पितळी, काठाला पोचा.

"पाज तिले," ती म्हणाली. आवाज सुक्या पानासारखा. "तुह्या सासूचा नेम हाय ना..."

लोटा तुडुंब भरलेला. ओल्या मातीचा वास सुटला, पहिल्यांदा रांजण धुतला की येतो तसा. चंदाने डोळे न उघडताच तोंड उघडलं. पोरीची मान उशीवरून उचलली गेली. कोणी धरली नव्हती.

"दे न व बाई... पुन्य हाय..."

साधना पुढे झाली, एका हाताने तिने चंदाचं तोंड झाकलं आणि दुसऱ्याने लोटा हिसकला. पितळ बर्फासारखं गार.

"नाई देत," ती म्हणाली.

"मले बी... नाई देल्लं..."

"नाई देल्लं. आनि तू आज पुन्हा त्या खाटेवर असती ना, तर पुन्हा नाई देल्लं असतं! पाप असन तर माह्यं हाय. मी फेडीन. माह्या दारी ये, माह्या उरावर बस. पन ह्या पोरीच्या तोंडाशी आली तर पाहाय!"

म्हातारी हलली नाही. तिचा गळा वरखाली होत होता. घोट गिळावा तसा, पण कोरडाच.

ते पाहून साधनेचा राग ओसरला. नुसती तहान होती ती. आणि तिला आठवलं, अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नत्थुजी पितरांना पाणी देतात ते. जित्या माणसाला पाणी द्यायचं ते असं समोरून, ओंजळीत. मेलेल्याला द्यायचं ते हात वाकडा करून, अंगठ्यावरून. बायकांनी ते द्यायचं नसतं म्हणतात. मग द्यायचं कोणी? तिथे दुसरं होतं कोण?

"सत्यभामाबाई," ती हळू म्हणाली, "तुमी मेल्या आहात. तुमाले कोनी सांगितलं नसन. मेलेल्याले असं देतात."

तिने उजवा हात तिरपा धरला आणि लोट्यातलं पाणी अंगठ्यावरून सोडलं. धार फरशीकडे गेली, पण फरशीवर एक थेंब पडला नाही. लोटा रिता झाला, आणि पिण्याचा आवाज त्यानंतरही कितीतरी वेळ येत राहिला.

मग कूलर एकदम घरघरला. चंदाची मान उशीवर होती, ओठ सुकलेले. सत्यभामा नव्हती. लोटा मात्र साधनेच्या हातातच होता.

संध्याकाळी ती तो घेऊन घरी आली. मनकर्णा पुन्हा भरलेल्या रांजणापाशी बसून होती. वरची दोरी नुसतीच लोंबत होती, गाठ सुटली नव्हती, तुटली नव्हती. सासूने लोटा पाहिला, सुनेचं तोंड पाहिलं.

"पाजलं?"

"पाजलं. जिले पाजायचं तिलेच."

मनकर्णेने पदराने डोळे पुसले, रांजणातून पाणी काढलं आणि सुनेला आपल्या हाताने दिलं.

चंदाचं म्हणाल तर त्या आठवड्यात एके सकाळी पार्बताबाई वॉर्डभर ओरडत धावली, "सिस्टर! पादली व माय, पादली माह्यी लेक!" म्हणजे पोट चालू झालं. बाया हसून हसून टाके धरून बसल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि साधनेने पहिलं पाणी चमच्याने पाजलं. चंदा म्हणाली, "ताई, तुमी लय निर्दयी आहात," आणि दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

मनकर्णेचा नेम चालूच आहे. फक्त आता ती पाणी देण्याआधी वाटसरूला विचारते, "पोट-बिट त नाई शिवलं ना रे बाप्पा?" माणसं चक्रावतात आणि पितात.

आणि त्या घराला बरकत आली. त्या खाऱ्या बोअरला एका सकाळी गोडं पाणी लागलं. नत्थुजींनी चाखलं, नितेशने चाखलं, म्हशीने चाखलं तेव्हा खरं मानलं. आता अख्खी गल्ली तिथूनच भरते, रांजण कधी रिता होत नाही.

एवढंच आहे, की भर बाराला साधनेचा उजवा अंगठा ओला होतो. कुठेही असो. ती पदराला पुसते, तो पुन्हा भरतो, गार, आणि कोणीतरी चाटावं तसं खरखरीत लागतं. परवा ती एका नवीन पेशंटला सलाईनची सुई लावत होती तेव्हाही झालं. साधनेने हात झटकला आणि मागे न पाहता म्हणाली,

"थांबा जराक. आधी हे जितं माणूस."

अंगठा कोरडा झाला. सुई लागेपर्यंत कोरडाच राहिला.