अरुणावहिनींचा बिल्ला

त्या दिवशी ग्लासगोत पाऊस नव्हता, पण नदीवरून धुकं असं चढलं की चारलाच दिवे लागले. शनिवार, पंधरा नोव्हेंबर. जय, अन्वी, जवळ सरका. ही आपल्या रस्त्यावरच्या अरुणावहिनींची गोष्ट. त्या दिवशीच्या कोचमध्ये, म्हणजे ट्रिपच्या बसमध्ये, मी होतो.

मराठी मंडळाची ट्रिप होती. लढाईत पुरुष गेले तेव्हा बाया जहाजं बांधायच्या, त्यांचं म्युझियम. दारात प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला देतात. निघताना ज्यानं त्यानं तो पाटीवरच्या खिळ्याला अडकवायचा. पूर्वी गोदीत तशीच रीत होती. पाटी भरली, म्हणजे आत कुणी नाही.

तिथल्या मुलीनं बजावलं, "दुसऱ्याचा लावू नका. एका वेल्डर पोरीचा तिच्या मैत्रिणीनं लावला होता. वरून झाकण बंद केलं. ती जहाजाच्या पोटातच राहिली..."

वहिनी हसल्या. "आसावरी, तू नाही ना लावणार माझा?"

"तुला सोडून कुठं जातेय मेले!"

आसावरीताई समोरच्याच घरात राहतात. तीस वर्षांची मैत्री.

वहिनींचे गुडघे दुखरे. जहाजाच्या पोटासारखी लोखंडी खोली केलीय, तिथल्या बाकावर त्या टेकल्या. "पर्स धर गं, आलेच." बिल्ला पर्समध्येच.

साडेचारला ड्रायव्हर घाई करायला लागला. ताईंच्या नातीचा वाढदिवस सहाला. त्यांनी दोन्ही बिल्ले अडकवले. म्हणाल्या, "अरुणा भाच्याच्या गाडीतून गेली." मीही पाटी बघितली. भरलेली. कोचमध्ये जाऊन बसलो.

आत दिवे गेले. दार लागलं.

वहिनींनी हाक मारली. आसावरी... आसावरी...

मग शेजारी कुणी बसलं. जळक्या लोखंडाचा वास. थंड हात. वहिनींच्या तळव्यावर काही ठेवलं. मूठ मिटली...

भिंतीवर ठोके. तीन. परत तीन.

ते ऐकून सिक्युरिटीवाला धावला. आत वहिनी एकट्याच. मुठीत बिल्ला, नंबर दोनशे बारा. तो म्हणाला, "आमच्याकडं साठच आहेत."

"आजोबा, मग ती फ्रेंड सॉरी बोलली?"

नाही गं अन्वी. पर्स वहिनींच्या दारात ठेवून गेल्या, बेलसुद्धा वाजवली नाही. वहिनी रडल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, अंधाराचं काही नाही. माझा बिल्ला लावताना तिचा हात थांबला नसेल का हो?"

दोनशे बारा नंबर त्यांनी रात्री टेबलावर ठेवला. सकाळी नव्हता.

रविवारी मी दूध आणायला निघालो. शेजारचा जेरेमी कुंपणाशी उभा. म्हणाला, "काल रात्री एक बाई आली होती. डोक्याला रुमाल, हातात वेल्डरचे चामडी हातमोजे. आसावरीचं घर कुठलं, विचारत होती. तिच्या दाराला काही पितळी अडकवायचंय म्हणे. फार दमलेली होती बिचारी... मी दार दाखवलं."